"सर, विहिरीच्या पाण्याने कॅन्सर होतो का?" : गावातल्या कर्करोगाची कारणं कशी शोधतात



आठवीच्या वर्गात प्रदूषणाचा पाठ चालू होता. एका मुलीने हात वर केला. "सर, आमच्या गल्लीत तीन जणांना कॅन्सर झालाय. सगळे म्हणतात विहिरीच्या पाण्यानं झाला. खरंय का?" मी पटकन सांगून टाकलं, "पाणी उकळून प्यायचं."

घरी जाताना लक्षात आलं की आपण चुकीचं सांगितलं. उकळल्याने जंतू मरतात. पाण्यात आर्सेनिक किंवा नायट्रेट असेल तर ते उकळून जात नाही; उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. शिवाय तिचा खरा प्रश्न तसाच राहिला. पाण्याने झाला की आणखी कशाने, हे कळणार कसं? दुसऱ्या दिवशी वर्गात जाण्याआधी मी जे वाचलं, तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

पहिली पायरी मोजणीची. "तीन जणांना झाला" हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. मुलांना फळ्यावर एक गणित द्या. एका गावाची लोकसंख्या १,५०० आणि वर्षात रुग्ण ३. दुसऱ्या गावाची ६,००० आणि रुग्ण ६. जास्त कुठे? मुलं लगेच "दुसऱ्या गावात!" म्हणतात. मग लाखामागे काढायला लावा. पहिल्या गावात २०० येतात, दुसऱ्यात १००. पुढचा प्रश्न वयाचा. कर्करोग बहुतेक करून उतारवयात होतो. तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेली आणि गावात म्हातारी माणसंच उरली, तर दर आपोआप वाढलेला दिसणार. तिसरी अडचण म्हणजे लहान गावात दोन-तीन रुग्ण निव्वळ योगायोगानेही एकाच गल्लीत निघू शकतात.

म्हणून नोंदी लागतात, त्याही वर्षानुवर्षं. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला १९८७ मध्ये सुरू झाली. शहरातला रुग्ण रुग्णालयात येतो आणि त्याची नोंद होते. खेड्यातला रुग्ण कित्येकदा तिथवर पोहोचतच नाही. म्हणून इथले कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरतात, लोकांशी बोलतात, लक्षणं सांगतात, रुग्ण शोधतात. गावाविषयीचं कुठलंही संशोधन अशा पायपिटीवर उभं असतं.

मोजणी झाली, आता कारण. यासाठी मी मुलांना चीनमधली एक गोष्ट सांगितली. ती इथे जरा सविस्तर सांगतो.

चीनच्या नैऋत्येला युनान प्रांत आहे. तिथला श्वानवेई हा डोंगराळ, शेतकऱ्यांचा भाग. १९७०च्या दशकात चीनमध्ये मृत्यूच्या कारणांची पाहणी झाली, तेव्हा इथल्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू देशात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांत निघाले. फुप्फुसाचा कर्करोग म्हटलं की आपल्या डोक्यात विडी-सिगारेट येते. पण इथल्या बायका धूम्रपान जवळजवळ करतच नव्हत्या. हजारात एखादीसुद्धा नाही. पुरुष मात्र ओढायचे. तरीही मृत्यूचा दर दोघांचा जवळपास सारखा! इथे वर्गात थांबा आणि मुलांना विचारा : पुरुष आणि बायका दोघांच्याही वाट्याला येणारी कोणती गोष्ट असेल? आमच्या वर्गात पाणी, भाजीपाला, खतं असं सगळं झालं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "घर."

बरोबर, घरच. घराच्या आत जमिनीत उथळ खड्डा, त्यात दगडी कोळसा पेटवायचा, त्यावरच स्वयंपाक, त्याचीच ऊब. धुराडं नाही. पण कोळसाही सगळीकडे एकसारखा नव्हता. भूगोलात आपण बिट्युमिनस आणि अँथ्रासाइट असे प्रकार पाठ करून घेतो. ते कशासाठी, हे मुलांना इथे कळतं. काही गावं जवळच्या खाणीतला धुरकट बिट्युमिनस कोळसा जाळायची, काही कमी धुराचा कोळसा, तर काही लाकूड. कर्करोगाचे मृत्यू धुरकट कोळशाच्या गावांमध्ये दाटलेले होते. चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी घरांतली हवा तपासली. कोळसा अर्धवट जळताना बेंझोपायरीनसारखी रसायनं तयार होतात. त्यांचं प्रमाण कोळशाच्या भट्टीवर काम करणाऱ्या कामगारांच्या तोडीचं निघालं. म्हणजे ती बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात भट्टीवरची पाळीच करत होती.

पुढे बराच काळ पाठपुरावा करून आकडे मांडले गेले. धुरकट कोळसा वापरणाऱ्या शंभर बायकांपैकी सुमारे वीस जणींना सत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याची शक्यता होती. कमी धुराचा कोळसा वापरणाऱ्यांत हीच शक्यता शंभरात अर्धी, म्हणजे दोनशेत एक. इंधन गावाजवळ कुठली खाण आहे त्यावर ठरणार आणि आयुष्य इंधनावर. मला हे वाचून दोन दिवस चैन पडलं नाही.

मग लोकांनी धुराडं असलेल्या चुली बसवल्या. २१ हजारांहून अधिक शेतकऱ्यांची १९७६ ते १९९२ या काळातली माहिती अभ्यासली गेली. धुराड्याची चूल बसवलेल्या घरांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पुरुषांत सुमारे ४१ टक्क्यांनी, बायकांत ४६ टक्क्यांनी कमी आढळला. पण हा फरक स्पष्ट दिसायला जवळपास दहा वर्षं लागली. चाणाक्ष विद्यार्थी इथे शंका काढेल, की चूल ज्याला परवडली त्याचं बाकीचंही बरं असणार! शंका रास्त आहे. म्हणूनच असा अभ्यास करताना धूम्रपानासारख्या इतर गोष्टीही हिशेबात धराव्या लागतात.

आता आपल्याकडे वळू. "म्हणजे आमच्या आईच्या चुलीनंही होतो?" हा प्रश्न येणारच, आणि इथे आपण शिक्षकांनी घाईने मान हलवू नये. आपल्या चुलीत लाकूड, काट्या, गोवऱ्या असतात, श्वानवेईचा कोळसा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या कोळशाचा धूर "कर्करोगकारक" या गटात टाकला आहे, तर लाकूडफाट्याचा धूर "बहुधा कर्करोगकारक" या गटात. पुराव्याच्या वजनात फरक आहे. पण दम्यासारखा जुनाट श्वसनविकार आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी लाकडाच्या धुराचं नातं पक्कं आहे. चूल घराबाहेर काढायला तेवढं कारण पुरे.

संशोधन कधीकधी "नाही" असंही सांगतं. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे. तिथे कर्करोग वाढला असेल असं कुणालाही वाटेल. सुमारे ७० हजार लोकांचा सरासरी दहा वर्षं मागोवा घेतला, आणि त्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही.

आणि एक अवघड गोष्ट पालकांसाठी. आपण विहिरीवर, फवारणीवर बोट ठेवतो. ठेवावं, पाणी तपासूनही घ्यावं. पण त्याच घरात आजी सकाळी मिश्री लावत असते, आणि ती तंबाखूच आहे. तंबाखूबद्दल पुरावा इतका भक्कम आहे की तिथे "बहुधा" म्हणायचीही सोय नाही. तरी तो विषय काढला की घर गप्प होतं.

वर्गात काय घेता येईल? मुलांना घरोघरी पाठवून "तुमच्याकडे कुणाला कॅन्सर आहे?" असं विचारायला अजिबात लावू नका. ते लोकांचं खासगी दुःख आहे. त्याऐवजी आपापल्या घरातल्या इंधनाची नोंद करायला सांगा. स्वयंपाक कशावर, आंघोळीचं पाणी कशावर, खिडकी आहे का, धूर कुठून जातो, चुलीपुढे कोण किती वेळ बसतं.

त्या मुलीलाही मी सांगितलं, की मागच्या दिवशी माझं उत्तर चुकलं होतं, आणि पाणी पिण्याजोगं आहे का, हे उकळून नाही, तपासून कळतं. विहिरीच्या पाण्याचा नमुना आम्ही ग्रामपंचायतीमार्फत तपासणीला पाठवलाय, अहवाल यायचा आहे. तिची इंधनाची वही मात्र वेळेवर आली. त्यात लिहिलं होतं : "गॅस आहे. त्यावर चहा होतो आणि पाहुणे आले की भाजी. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. चुलीपुढे आई सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड तास. सुट्टीत मी."