विमान किती तासांत पोहोचते?



आपल्या भागात अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. निपाणीहून कोल्हापूर म्हणजे एक तास, बेळगाव म्हणजे दीड तास. विमानाच्या बाबतीत मात्र हा हिशेब सांभाळून करावा लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याचे काका अमेरिकेहून बेंगळुरूला येणार होते. "रात्री साडेआठला निघतो, सतरा तास लागतील," असे त्यांनी फोनवर कळवले. आजोबांनी बोटांवर मोजले, उद्या दुपारी दीड. दीड वाजला, दिवस मावळला, फोन नाही. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. पहाटे फोन आला, "आत्ताच उतरलो." विमान वेळेवर होते, चूक हिशेबात होती. साडेआठ ही तिकडची वेळ होती.

एक खरे उदाहरण घेऊ. ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री साडेआठला एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी ते उत्तर ध्रुवाच्या बाजूने ११ जानेवारीच्या पहाटे बेंगळुरूला आणले. तारखा पाहिल्या तर प्रवास तीसएक तासांचा वाटतो.

वेळेचा हिशेब : आपले घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, सॅन फ्रान्सिस्कोचे हिवाळ्यात ८ तास मागे. म्हणजे फरक साडेतेरा तासांचा. (उन्हाळ्यात ते आपली घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा साडेबारा.) तिकडे ९ तारखेचे रात्रीचे साडेआठ वाजले, तेव्हा इकडे १० तारखेचे सकाळचे दहा वाजले होते. त्यात सुमारे १७ तास मिळवा. पहाटेचे तीन येतात. नियम एकच : आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा, मग बेरीज-वजाबाकी करा.

अंतराचा हिशेब : भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे, म्हणून बोट युरोपवरून जाते. आता पृथ्वीगोल घ्या. दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवाजवळून जाईल. या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. पडताळा पाहा : बेंगळुरू १३ अंश उत्तर, म्हणजे ध्रुवापासून ७७ अंश. सॅन फ्रान्सिस्को सुमारे ३८ अंश उत्तर, म्हणजे ध्रुवापासून ५२ अंश. बेरीज १२९. एका अंशाला सुमारे १११ किमी धरल्यास १४,३१९ किमी होतात. दोरा ध्रुवाच्या थोडा बाजूने जातो, म्हणून खरे अंतर त्याहून कमी, सुमारे १४,००० किमी. त्याला १७ ने भागा. ताशी सुमारे ८२० किमी वेग मिळतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे रेखांशाला 'देशांतर' म्हणतात. परीक्षेपुरता तो शब्द आम्ही पाठ केला. दोरा हातात घेतला तो शिक्षक झाल्यावर. तुम्ही इतका उशीर करू नका.

गृहपाठ : जानेवारीत मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान लंडनला तेथील संध्याकाळी साडेसहाला उतरले. प्रवास किती तासांचा? (हिवाळ्यात लंडनचे घड्याळ ग्रिनिचप्रमाणेच असते.)

पालकांना विनंती, परदेशी असलेल्या नातलगांना वेळ विचारताना "तिकडची की इकडची?" एवढे जरूर विचारा. विश्वस्त मंडळासही विनंती, शाळेत पृथ्वीगोल एकच आहे. प्रत्येक वर्गाला एक मिळाला, तर हा धडा मुलांच्या हातात येईल.