संगणकाची उपलब्ध स्मृती : अंदाज कसा घ्यावा?

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. वस्त्रोद्योग हा तेथील रोजगाराचा मोठा आधार होय. कापडाच्या गोदामात रिकामी जागा वेगळी व मोकळी करता येण्याजोगी जागा वेगळी, हे तेथील कोणाही कामगारास ठाऊक असते. शाळेतील वा कार्यालयातील संगणकाबाबत मात्र हा भेद विसरला जातो.

लिनक्स कार्यप्रणाली डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या प्रती न वापरलेल्या स्मृतीत राखून ठेवते. त्यामुळे ‘फ्री’ हा आकडा अल्प दिसतो. परंतु गरज पडताच या प्रतींची बहुतेक जागा सोडविता येते. तथापि, त्याच रकान्यात मोजली जाणारी सामायिक स्मृती अशी सोडविता येत नाही. म्हणून २०१४ साली आलेल्या ३.१४ या आवृत्तीपासून ‘अव्हेलेबल’ हा स्वतंत्र अंदाज दिला जातो.

समजा, ३०० मेगाबाइट स्मृती रिकामी आहे. प्रतींच्या रकान्यात १,२०० असून त्यांपैकी २०० सामायिक आहे. प्रणालीसाठी सुमारे १०० राखल्यास उपलब्ध स्मृती १,२०० मेगाबाइट ठरते. ३०० नव्हे आणि १,५००ही नव्हे.

ही मर्यादा ओलांडताच स्मृतीतील मजकूर डिस्कवर हलविला जातो. यासच ‘स्वॅप’ म्हणतात. डिस्क स्मृतीहून कितीतरी मंद असल्याने काम रखडते.

यास्तव नवीन स्मृतीची मागणी नोंदविण्यापूर्वी, नित्याचे काम चालू असताना ‘अव्हेलेबल’ हा आकडा अवश्य पाहावा. सार्वजनिक निधीचा अपव्यय त्यामुळे टळेल.