अलॉय व्हीलचं काम: पावडर कोटिंग की स्प्रे?

पावडर कोटिंगची चमक बघून लगेच भट्टी घेऊ नका. पावडर साधारण 180 ते 200 अंशांवर भाजतात, म्हणजे टायर, व्हॉल्व्ह, जुना रंग सगळं आधी उतरवायचं. थर टणक बसतो हे खरं. पण परभणीत रोज किती चाकं येतील, ते आधी मोजा. तोवर घासकाम, प्रायमर, टू-के रंग आणि वर क्लिअर कोट यात हात बसवा. पावडरचं काम बाहेरून जॉबवर करून घ्या. मात्र भट्टीचं तापमान स्वतः बघा, जास्त तापलं तर अलॉयची ताकद उतरते. नट बसतात तिथे जाड थर नको, नट ढिले पडतात.

आणि तडा गेलेलं चाक? पुट्टी भरून रंगवायचंच नाही, गिऱ्हाईक कितीही अडून बसो.

गाडी देताना एक सांगाच: पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल रिमच्या आत सुकला की स्टिअरिंग थरथरतं. साध्या शाम्पूने धुवा, ॲसिडवालं क्लीनर नको.