चिमुकली रणभूमी

प्रस्तावना

दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात व त्यावर रंगीत मावळे मांडतात. युरोपात अशीच हौस प्रौढांनीही जोपासली. छोटे सैनिक रंगवायचे, टेबलावर टेकड्या, शेते व गावे उभारायची आणि नियमांनुसार जुनी लढाई पुन्हा खेळायची, असा हा ऐतिहासिक युद्धखेळाचा छंद आहे. मात्र कोणता सैनिक कोठे ठेवायचा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नसतो. एका प्रसिद्ध प्रतिकृतीच्या आधारे या पाठात त्याचा विचार केला आहे.

मूलपाठ

१८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममधील वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. वेलिंग्टनच्या नेतृत्वाखालील सैन्य आणि प्रशियाचे, म्हणजे त्या काळच्या एका जर्मन राज्याचे सैन्य, या दोघांनी मिळून हा विजय मिळवला. १८३० मध्ये या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याचे काम विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले.

सायबोर्न ऐकीव माहितीवर विसंबला नाही. रणभूमीवरील एका शेतवाडीत आठ महिने राहून त्याने जमिनीची पाहणी व मोजणी केली. सायंकाळी सातच्या सुमारास, लढाईच्या निर्णायक क्षणी, आपली तुकडी कोठे होती, शत्रू कोठे होता, शेतात कोणते पीक उभे होते, असे विचारणारी पत्रे त्याने हयात अधिकाऱ्यांना पाठवली. १८३३ मध्ये सरकारने पैसा देणे थांबवले. तरी कर्ज काढून त्याने काम चालू ठेवले. १८३८ मध्ये लंडनमध्ये ही प्रतिकृती लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यावर धातूचे हजारो चिमुकले सैनिक उभे होते.

वाद झाला तो प्रशियन सैनिकांच्या जागेवरून. त्या क्षणी ते इतके पुढे आले होते, असे मानले तर विजयाच्या श्रेयात त्यांचा वाटा मोठा ठरत होता. वेलिंग्टनला ही मांडणी मान्य नव्हती. अखेर सायबोर्नने प्रशियन सैनिकांच्या बऱ्याच मूर्ती काढून टाकल्या. घडलेली लढाई तीच राहिली. तिचे चित्र मात्र बदलले.

सायबोर्नची प्रतिकृती खेळण्यासाठी नव्हती. पण युद्धखेळाच्या छंदातही हीच जबाबदारी असते. सैनिकाला आधी मूळ रंग देतात. मग पातळ गडद रंग लावतात; तो कपड्यांच्या चुण्यांत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवतात. परंतु कुंचला हाती घेण्यापूर्वी त्या पलटणीचा गणवेश कोणता होता, हे शोधावे लागते. खेळात लढाईचा निकाल बदलू शकतो. तिच्या प्रारंभीची मांडणी मात्र पुराव्याला धरूनच असावी लागते.

शब्दार्थ

प्रतिकृती – हुबेहूब नमुना
हयात – जिवंत असलेला
चुणी – कापडाची घडी, सुरकुती
पलटण – सैन्याची तुकडी

पाठगत प्रश्न

१. माहिती मिळवण्यासाठी सायबोर्नने कोणते दोन मार्ग अवलंबले?
२. प्रशियन सैनिकांच्या जागेवरून वाद का झाला?
३. सायबोर्नने मूर्ती काढून टाकल्या, हे तुम्हाला योग्य वाटते काय? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.