घटक ७ : स्थलनामापासून नकाशापर्यंत

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• यंत्रवाचनीय स्थानमाहिती म्हणजे काय, हे स्पष्ट करता येईल.
• अक्षांश-रेखांशांचा क्रम आणि दशांश स्थळे यांचे महत्त्व सांगता येईल.
• बोली व लोकसाहित्य यांच्या संकलनात स्थाननोंद जबाबदारीने करता येईल.

७.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, लोकसाहित्याच्या संकलकाच्या नोंदपत्रिकेत ‘गाव’ हा एक रकाना असतो. त्यात ‘नामपूर’ एवढेच लिहिले, तरी बागलाण तालुक्यातील वाचकाला ते पुरेसे असते. मोसम नदीच्या काठचे, कांद्याच्या बाजारासाठी परिचित असलेले हे गाव त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हीच नोंद संकेतपृष्ठावर प्रसिद्ध झाली, की तिचे वाचन संगणकही करू लागतो. त्याच्या दृष्टीने ‘नामपूर’ ही केवळ चार अक्षरे होत. ‘नामपूर’ आणि ‘नागपूर’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ नावावर विसंबण्यातील धोका कळतो. हा धोका टाळण्याचा मार्ग आपण या घटकात पाहणार आहोत.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ यंत्रवाचनीय स्थानमाहिती

स्थानाचे अक्षांश व रेखांश ठरावीक खुणांसह लिहिले, म्हणजे संगणकाला ते मजकुरातून अचूक वेगळे काढता येतात. अशा माहितीस यंत्रवाचनीय स्थानमाहिती म्हणतात. या खुणांच्या काही पद्धती रूढ आहेत. ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा शब्दसंग्रह २०११ मध्ये सुरू झाला. ‘केएमएल’ ही नकाशाची लेखनपद्धती २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली, तर ‘जिओजेसन’ या पद्धतीचे मानक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. विकिपीडियावरील गावांविषयीच्या अनेक लेखांत ‘गुणक’ दिलेले असतात. त्यांवर टिचकी मारली असता निरनिराळ्या नकाशांचे दुवे उघडतात. लेखातील स्थानमाहिती यंत्रवाचनीय असल्यामुळेच हे शक्य होते.

७.३.२ क्रमाचे महत्त्व

नामपूरचे स्थान स्थूलमानाने २०.७ उत्तर अक्षांश व ७४.३ पूर्व रेखांश असे सांगता येईल. बोलताना आपण आधी अक्षांश व मग रेखांश सांगतो. केएमएल व जिओजेसन यांत मात्र आधी रेखांश व नंतर अक्षांश लिहावा लागतो. हा भेद लक्षात न घेता आकडे उलट लिहिले, तर ७४.३ उत्तर व २०.७ पूर्व असे स्थान मिळते. ते नॉर्वेच्याही उत्तरेस, बेअर बेटाच्या पूर्वेला, बॅरेंट्स समुद्रात येते. म्हणजे बागलाणातील जात्यावरची ओवी आर्क्टिक प्रदेशात जाऊन पोहोचते! असे स्थान पृथ्वीवर अस्तित्वात असल्यामुळे संगणक ही चूक दाखवीलच असे नाही. ती ओळखण्यासाठी प्रदेश जाणणारा माणूस लागतो.

७.३.३ अंक व दशांश स्थळे

जुन्या नकाशांत अंश व मिनिटे दिलेली असतात. मिनिटांना ६० ने भागले, की दशांश रूप मिळते. उदाहरणार्थ, २० अंश ४२ मिनिटे म्हणजे २०.७ अंश. अक्षांशाचे एक दशांश स्थळ सुमारे ११ किलोमीटरचे अंतर दर्शविते, दोन स्थळे सुमारे १.१ किलोमीटरचे, तर चार स्थळे सुमारे ११ मीटरचे. यावरून वर दिलेले नामपूरचे स्थान परिसर ओळखण्यास पुरेसे, पण गाव नेमके दाखविण्यास अपुरे आहे, हे तुमच्या लक्षात येईल. आणखी एक काळजी घ्यावी. वाचकांसाठीच्या मजकुरात देवनागरी अंक अवश्य वापरावेत, परंतु यंत्रासाठीच्या खुणांमध्ये इंग्रजी अंकच लिहावेत.

७.३.४ बोलीच्या अभ्यासातील उपयोग

नामपूर परिसरात अहिराणी बोलली जाते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात या बोलीचा विचार ‘खानदेशी’ या नावाने झाला आहे. समजा, अहिराणी गीतांच्या नोंदीत स्थान म्हणून केवळ ‘नाशिक जिल्हा’ लिहिले, तर नकाशावरील खूण बहुधा नाशिक शहरावर किंवा जिल्ह्याच्या मध्यावर पडेल. नाशिक शहर नामपूरपासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर दूर आहे. अशा नोंदींवरून काढलेली बोलीची सीमारेषा अर्थातच चुकीची ठरेल. म्हणून प्रत्येक नोंदीत गाव, तालुका, अक्षांश व रेखांश असे स्वतंत्र रकाने ठेवावेत. असा तक्ता ऑनलाइन नकाशात उघडला, की कोणता शब्द कोठवर ऐकू येतो, हे एका दृष्टिक्षेपात दिसते.

७.३.५ निवेदकाचे हित

अचूकतेलाही मर्यादा हवी. चार दशांश स्थळांची नोंद थेट निवेदकाच्या अंगणापर्यंत नेते. ओवी सांगणाऱ्या आजीने आपला आवाज दिलेला असतो. घराचा पत्ता जगाला सांगण्याची परवानगी दिलेली नसते. म्हणून प्रसिद्ध करावयाच्या नोंदीत गावातील एखाद्या सार्वजनिक ठिकाणाचे स्थान द्यावे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रातही स्थानमाहिती दडलेली असू शकते. ती काढून टाकल्यावरच छायाचित्र प्रसिद्ध करावे.

७.४ सारांश

स्थलनाम माणसाला अर्थ देते. संगणकाला मात्र खुणांसह लिहिलेले अक्षांश व रेखांश लागतात. त्यांचा क्रम, अंक व दशांश स्थळे तपासणे ही संकलकाची जबाबदारी आहे. गाव नेमके सांगावे आणि घर झाकावे, हे स्थाननोंदीचे मुख्य सूत्र होय.

७.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ७४ अंश १८ मिनिटे हे रेखांश दशांश रूपात लिहा.
२. अक्षांश व रेखांश उलट लिहिल्यास होणारी चूक संगणकाला सहज का कळत नाही?
३. ‘नाशिक जिल्हा’ एवढीच स्थाननोंद बोलीच्या अभ्यासास अपुरी का ठरते?

७.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील पाच गावांत एकाच वस्तूसाठी वापरले जाणारे बोलीतील शब्द मिळवा. त्यांचा स्थानासह तक्ता तयार करून तो ऑनलाइन नकाशावर दाखवा. प्रत्येक खूण योग्य गावावर पडली आहे का, हे त्या गावातील व्यक्तीकडून पडताळून घ्या.

प्रश्न १ चे उत्तर : ७४.३