एक किलोहर्ट्झची शिट्टी

पीसीएम २९०२ ही चिप वापरून रेकॉर्डिंगचा छोटा डबा बनवणारे बरेच जण माझ्याकडे बोर्ड घेऊन येतात. कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो, कुणी हौशी रेडिओवाला. जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत फिरणाऱ्या एक ताईही आल्या होत्या. तक्रार थोड्याफार फरकानं एकच असते. कॉम्प्युटर डबा लगेच ओळखतो, आवाज येतो, पण मागे बारीक शिट्टी वाजत राहते. मग हळूच विचारतात, चिप डुप्लिकेट तर नाही ना?

चिप बहुतेक वेळा ठणठणीत असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या या २८ पायांच्या चिपमध्ये एडीसी, डीएसी, यूएसबीचा भाग आणि रेग्युलेटर असं सगळं आतच आहे. वेगळा ड्रायव्हर लिहावा लागत नाही. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, डी-प्लसच्या तारेवर १.५ किलोओमचा पुलअप, डेटाच्या दोन्ही तारांत २२ ओमचे रेझिस्टर आणि मोजके कपॅसिटर लावले की काम सुरू होतं. पहिल्याच दिवशी गाणं वाजतं, म्हणून सर्किट पूर्ण झालं असं वाटतं. खरं काम तिथून पुढे असतं, कारण यूएसबीचे पाच व्होल्ट आपले नसतात. ते कॉम्प्युटरचे असतात, आणि त्याच्या पोटात चाललेली सगळी गडबड सोबत घेऊन येतात.

ताईंच्या डब्याचंच सांगतो. साधा इलेक्ट्रेट माइक, पुढे शंभरपट वाढवणारा ऑप-अँप, मग चिप. शांत खोलीत अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत त्याचा स्पेक्ट्रम काढला. १ किलोहर्ट्झवर एक उभा काटा, मग २ वर, ३ वर, अशी ओळच्या ओळ. हा आकडा योगायोगानं आलेला नव्हता. फुल-स्पीड यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम येते आणि आवाजाची पुडकी त्याच ठेक्यावर ये-जा करतात. ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक फ्रेममध्ये ४८ नमुने. ४४.१ ला नऊ फ्रेममध्ये ४४ आणि दहाव्यात ४५. चिप आणि कॉम्प्युटर दोघंही याच तालावर करंट ओढतात, म्हणून पाच व्होल्टच्या तारेवर सेकंदाला हजार हिसके बसतात.

आता ते आत शिरतात कुठून, हे शोधायचं. पार्ट बदलत बसू नका, वायरचा तुकडा घ्या. चिपच्या इनपुटचा कपलिंग कपॅसिटर ऑप-अँपच्या बाजूनं सुटा केला आणि ते टोक ग्राउंडला टेकवलं. शिट्टी गेली, म्हणजे चिप निर्दोष. कपॅसिटर परत जोडून ऑप-अँपच्या इनपुटचा कपॅसिटर माइकच्या बाजूनं तसाच ग्राउंड केला. तरीही शांत. माइक जोडला की शिट्टी हजर. माइकला लागणारा बायस २.२ किलोओममधून थेट यूएसबीच्या पाच व्होल्टवरून घेतला होता. इलेक्ट्रेटच्या आतला एफईटी करंट सोर्ससारखा वागतो, त्यामुळे सप्लायवरचा खळबळाट त्या रेझिस्टरमधून जवळजवळ जसाच्या तसा सिग्नलवर उतरतो. पुढे तो शंभरपट होतो.

उपाय काही रुपयांचा होता. बायसच्या वाटेत आधी १ किलोओम, त्यानंतर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला, आणि मग तो २.२ किलोओम. एवढ्यानं १ किलोहर्ट्झवरचा उपद्रव सुमारे तीनशेपट कमी होतो. ऑप-अँपला मधला व्होल्टेज देणाऱ्या दोन रेझिस्टरच्या सांध्यावरही असाच मोठा कपॅसिटर हवा. तो विसरणारे फार आहेत. पाच व्होल्टवर टीएल०७२ बसवणारेही तितकेच. त्याला इतक्या कमी सप्लायवर नीट हालचालच करता येत नाही. कमी व्होल्टेजवर चालणारा रेल-टू-रेल ऑप-अँप घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. चिपच्या आतल्या रेग्युलेटरचे जे पाय बाहेर येतात ते कपॅसिटर लावण्यासाठी आहेत. डी-प्लसचा पुलअप तेवढा व्हीडीडीआयवरून घ्यायचा. ३.३ व्होल्ट आयते मिळतात म्हणून त्यावर माइक, ऑप-अँप किंवा एलईडी चालवू नका. त्यांच्यासाठी स्वतंत्र लिनिअर रेग्युलेटर लावा.

पातळ्यांचा हिशेबही आधी कागदावर करा. या चिपचं इनपुट शिखरापासून शिखरापर्यंत सुमारे २ व्होल्ट झेपवतं. सीडी प्लेअर २ व्होल्ट आरएमएस देतो, म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत साडेपाच व्होल्टच्या वर. तो थेट जोडला तर आवाज फाटणारच, आधी डिव्हायडरनं तो एक तृतीयांशावर आणा. आउटपुटला निदान १० किलोओमचा भार हवा. ३२ ओमचा हेडफोन थेट लावलात तर बास नाहीसा होतो आणि तुम्ही उगाच कपॅसिटरवर संशय घेता.

आता शिट्टीऐवजी घोंघावणं असेल, स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी दिसत असतील, तर दोष बोर्डात नसून खोलीत असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. घोंघावणं थांबलं तर गोष्ट स्पष्ट आहे. दोन पिनांच्या चार्जरमधल्या कपॅसिटरमधून मेनचा थोडा करंट लॅपटॉपच्या ग्राउंडवर गळत असतो. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर मुंग्या येतात त्या याच्याच. डबा सभागृहाच्या अर्थिंग केलेल्या मिक्सरला जोडला की त्या करंटला वाट मिळते, आणि ती वाट आपल्या ऑडिओ केबलच्या शील्डमधून जाते. अशा वेळी मिक्सरच्या प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो कधीही ऐकू नका. बिघडलेल्या उपकरणाची बॉडी लाइव्ह झाली तर माइक धरलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ऑडिओच्या वाटेत ६०० ओमचा एकास-एक ट्रान्सफॉर्मर लावा. एडीयूएम४१६० सारखा यूएसबी आयसोलेटरही चालतो, फक्त त्याच्यासोबत येणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर स्वतःची खरखर आणतो, ती गाळावी लागते.

ग्राउंडबाबत माझं मत ठाम आहे. डेटाशीटमध्ये अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंडच्या पायांना वेगवेगळी नावं आहेत, म्हणून लोक तांब्याचे दोन तुकडे करून त्यांना बारीक ट्रेसनं जोडतात. मग परतीचा करंट त्या अरुंद पुलावरून जातो आणि तिथेच सिग्नलमध्ये मिसळतो. खालचा थर अखंड ठेवा, सगळे ग्राउंड त्यावर उतरवा, आणि वेगळेपणा मांडणीतून आणा. यूएसबीचा सॉकेट एका कडेला, माइक समोरच्या कडेला, चिप मध्ये.

पहिला बोर्ड छापायला पाठवताना पाच व्होल्टच्या वाटेत एका रेझिस्टरची जागा राखून ठेवा. तिथे आधी २.२ ओम लावा, गरज पडली तर फेराइट बीड. बीडनंतर नुसता सिरॅमिक कपॅसिटर असेल तर दोघं मिळून भलत्याच फ्रिक्वेन्सीवर घुमू शकतात, शेजारी एक इलेक्ट्रोलिटिक असू द्या. यूएसबीच्या बाजूला मात्र एकूण कपॅसिटन्स १० मायक्रोफॅरडच्या पुढे नेऊ नका, नाहीतर डबा खुपसताक्षणी पोर्टचा व्होल्टेज कोसळतो. शिवाय माइकच्या, ऑप-अँपच्या आणि चिपच्या इनपुटपाशी एकेक उघडा टेस्ट पॅड ठेवा, वायरचा तुकडा टेकवता येईल इतका मोठा.