साखळी तुटली म्हणून

मालवण,
नवरात्र, दुसरी माळ

चि. सोनू हिस,


परवा तुझा फोन झाल्यापासून मनात घोळत होतं, ते आज नीट बसून लिहिते. चतुर्थीला घरी आलीस, त्या पाच दिवसांत रोजच्या कामांची खूण करायचं तुझं ते ॲप उघडलं नाहीस आणि चार महिने एकही दिवस न चुकवता जपलेली साखळी शून्यावर आली. पुण्याला परतल्यावर पहिल्या दिवशी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत गेली नाहीस, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि आता म्हणतेस की माझ्याने काहीच होत नाही. बाय माझे, इतक्या जीवाक लावन घेव नको. मात्र तुझं दुखणं मी हलक्यावारी नेत नाही. सारी नोकरी आरोग्यसेविकेची झाली. बाहेरून धडधाकट दिसणारं माणूस आतून कसं खचत जातं, ते मी घरोघरी पाहिलं आहे.

ॲप काढून टाक, असं मी सांगणार नाही. त्यामागची कल्पना चांगली आहे, आणि ती खरी ठरल्याचा दाखला आपल्या शेजारी गोव्यात आहे. पर्वरीच्या ‘संगत’ या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डिप्रेशनने बऱ्यापैकी ग्रासलेली ४९५ माणसं त्यात होती. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. ते रुग्णासोबत बसून ठरवत, की या आठवड्यात कोणती लहानशी कामं करायची. मन लागेल असं काही, किंवा हातून सुटलेलं काही. पुढच्या भेटीत ते झालं का, नसेल तर कुठे अडलं, हे विचारत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक बरे झाले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

यामागचं कारण समजून घे. मन उतरलं की माणूस एकेक काम सोडतो, लोकांत मिसळायचं टाळतो. मग आनंदाचे प्रसंगही कमी होतात आणि मन आणखी उतरतं. उमेद येईल तेव्हा करू, म्हणून थांबलं तर ती येत नाही. आधी हात हलवावा लागतो, उमेद मागून येते. लहान काम ठरवणं आणि झाल्याची खूण करणं हे तुझं ॲपही करतं. पण ‘कुठे अडलं गो?’ असं विचारणारं माणूस त्यात नाही. ती अर्धी बाजू आपल्याला बाहेरून आणायची आहे.

आता साखळीबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. रोजची एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यांना दिसलं. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, असंही त्यांना आढळलं. शून्य दिसतं ते पडद्यावर. चार महिन्यांचं वाचन तुझ्या डोक्यात जिथल्या तिथे आहे. आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्त होतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की लोक पुन्हा कामाला लागतात. दोन महिने समुद्रात गेला नाही म्हणून कुणी मच्छीमार स्वतःला आळशी म्हणवून घेत नाही. चतुर्थी ही तुझी सुट्टीच होती. ॲपमध्ये सुट्टी मांडायची सोय असेल तर वापर, नसेल तर साखळीचा आकडा दिसणारच नाही असं करून ठेव.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येतो. याचं आपल्याला कौतुक, आणि ते रास्तही आहे. पण त्यामुळे आपली मुलं आकड्यावरून स्वतःला जोखायला लहानपणीच शिकतात. फोनमधला आकडा तुला नेमका तिथेच लागला. दिवसाकाठी किती झालं, एवढंच त्याला सांगू दे. तू कशी आहेस, हे सांगायचा अधिकार त्याला देऊ नकोस.

तुझी यादी मी चतुर्थीत पाहिली होती. ‘रोज १२ तास अभ्यास’, ‘सकारात्मक राहणे’, ‘यंदा पोस्ट काढणे’. पोस्ट मिळणं किती जागा निघतात यावरही अवलंबून आहे, आणि सकारात्मक राहणं ही काही खूण करायची गोष्ट नव्हे. त्याऐवजी तीनच ओळी लिही. नाश्त्यानंतर अभ्यासिकेत बसले की लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेच्या पुस्तकातलं एक प्रकरण आणि त्यावरचे वीस प्रश्न. संध्याकाळी मेसला जाण्याआधी सारसबागेपर्यंत पायी जाऊन येणं. रात्री जेवल्यावर घरच्या किंवा मैत्रिणींपैकी एकाशी बोलणं. कशानंतर, कुठे आणि काय, हे आधी ठरवलेलं असेल तर काम होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं आहे. एक अभ्यासाची, एक शरीराची, एक माणसांची. फारच वाईट दिवस असेल तर अभ्यासाची ओळ एका पानावर आण, पण उरलेल्या दोन सोडू नकोस. आणि रात्री नऊनंतरच्या ॲपच्या सूचना बंद कर.

आणखी एक. मनातलं सगळं त्या ॲपात लिहून मोकळी होतेस, तर ते कुठे जातं हेही पाहा. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने लोकांची खाजगी माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका अमेरिकेत ठेवला गेला, आणि २०२३ साली तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. तुझी रोजनिशी वहीत लिही.

झोप उडाली आहे, जेवण नकोसं वाटतं, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवडे राहिलं तर ते ॲपचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. त्याआधीही, कधीही, १४४१६ वर फोन लाव. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती चोवीस तास असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झालं असा विचार मनाला नुसता शिवून गेला, तरी त्याच क्षणी हा नंबर फिरव आणि मला उठव. रात्रीचे दोन वाजले असले तरी उठव.

‘कुठे अडलं’ असं विचारणारं माणूस मी होईन. दर रविवारी रात्री आठला फोन कर. तीन ओळींतलं काय जमलं आणि काय अडलं एवढंच सांग. अडलेल्यावर आपण मिळून तोड काढू. निकालाचं मी विचारणार नाही, तुझ्या बाबालाही विचारू देणार नाही. उद्या सकाळी मात्र अभ्यासिकेत जा, एकच पान वाचून उठलीस तरी चालेल.

प्रकृतीस जप. वेळेवर जेव.

तुझी,
आत्या